सुलाबाईंचा सोमवार

"यादी करणाऱ्यानं स्वतःचं घर सगळ्यात शेवटी लिहायचं. एवढं एक पाळ, बाकी तुझ्या मनानं कर," वही हातात देताना अक्काबाई साळवे म्हणाल्या होत्या.

रोहिणीनं मान हलवली, पण तिचं लक्ष मांडीवरच्या पिंकीच्या पोटाकडं होतं. पोट वर, खाली. वर, खाली. मनातल्या मनात मोजणं चालू होतं. एका मिनिटात पन्नासच्या पुढं श्वास गेले तर लगेच घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. अकरा महिन्यांची पोर, वजन सहा किलो दोनशे, आणि हृदयाच्या पडद्याला जन्मतः भोक. कधीकधी ते आपोआप बुजतं, म्हणाले होते. रोहिणीनं त्यातला 'कधीकधी' सोडून दिला होता आणि 'आपोआप बुजतं' एवढंच धरून ठेवलं होतं.

"का हो, पहिलं लिहिलं तर काय संत अन्ना चिडतात?" तिनं हसून विचारलं.

"त्या कशाला चिडतील? आजी आहेत त्या. आपल्यालाच मग त्यांच्यासमोर बसवत नाही."

जुन्या बायकांचं असतं काहीतरी, असं म्हणून रोहिणीनं वही पिशवीत टाकली होती.

जेलरोडच्या मागं त्यांची वस्ती. तिथं कॅथलिकांची घरं मोजून नऊ. सव्वीस जुलैला संत अन्नाचा सण, त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना. संत अन्ना म्हणजे मरियामातेची आई, येशूची आजी. वस्तीतली पोरं तिला सरळ 'देवाची आजी'च म्हणतात. तिची हातभर उंचीची मूर्ती या नऊ दिवसांत घरोघर फिरते. रोज संध्याकाळी सातला एका घरातून निघायचं, दुसऱ्या घरी पोचायचं, सगळ्यांनी मिळून जपमाळ म्हणायची, फुटाणे आणि चहा घ्यायचा, मूर्ती त्या घरी मुक्कामाला. ज्या घरी ती राहते त्या घराचं गाऱ्हाणं ती रात्रभर ऐकते, अशी समजूत. पदर डोक्यावर घेतलेली म्हातारी, शेजारी पुस्तक धरून उभी छोटी मरिया. मरियेच्या नाकाचा शेंडा कधीतरी उडालेला. तिथं कुणीतरी नेलपॉलिशनं डागडुजी केलेली.

कुणाचा दिवस कोणता, हे ठरवायचं काम तीस वर्षं अक्काबाईंकडं होतं. यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काम आलं रोहिणीकडं. "बी.कॉम. आहेस, मोबाईल येतो," एवढीच पात्रता. नवरा प्रफुल्ल सिन्नरच्या कारखान्यात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा दुपारपाळी. घरात ती आणि पिंकी, आणि दांडीवर तीन दिवस न वाळलेली दुपटी. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. तिनं हो म्हटलं.

यादीची बातमी लागताच पहिल्या आल्या त्या सुलाबाई. सुलाबाई त्रिभुवन, सत्तरीच्या, गुडघ्यांनी हैराण. दारातच उभ्या राहिल्या.

"रोहिणे, मला सोमवारच दे हां. एकवीस तारीख."

"का हो मावशी, सोमवारच का?"

सुलाबाईंनी मागं वळून बघितलं, मग आवाज खाली आणला. "शेखऱ्या रविवारी रात्री कांद्याची गाडी घेऊन सटाण्याला जातो, तो मंगळवारी संध्याकाळी उगवतो. बाकी दिवशी घरी असतो ना. तुला ठाऊक हाय सगळं."

वस्तीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेखर दोन वर्षांपासून एका नव्या प्रार्थना हॉलमध्ये जायचा. तिथं त्याची दारू सुटली, हे खरं. पण तिथं मूर्ती चालत नाहीत, संत चालत नाहीत. त्यानं आईच्या भिंतीवरच्या तसबिरी उतरवून ट्रंकेत घातल्या. आईच्या बीपीच्या गोळ्या मात्र न चुकता आणायचा. दर शुक्रवारी त्या हॉलवाल्यांची उपवास-प्रार्थना त्याच्याच घरी व्हायची.

सुलाबाई हे सांगत असताना पिंकीनं रोहिणीच्या खांद्यावर दूध ओकलं. खांदा पुसता पुसता रोहिणी म्हणाली, "हो हो मावशी, सोमवार." आणि यादीत एकवीस तारखेपुढं तिनं खरंच सुलाबाईंचं नाव लिहिलं. स्वतःचं लिहिलं पंचवीसला, शुक्रवारी, शेवटी. बरोबर, अक्काबाई सांगतात तसं.

मग हॉस्पिटलातून फोन आला. पिंकीच्या हृदयाची सोनोग्राफी मंगळवारी, बावीस तारखेला सकाळी दहाला. या तपासणीत ठरणार होतं, भोक बुजतंय की ऑपरेशन.

फोन ठेवल्यापासून रोहिणीच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. मूर्ती सोमवारी रात्री आपल्या घरी हवी. पिंकीच्या उशाशी हवी. तिनं रात्रभर ऐकलं पाहिजे, आणि सकाळी आपण तसंच उठून हॉस्पिटलला गेलं पाहिजे. शुक्रवारी ती आली तर काय उपयोग? परीक्षा झाल्यावर अभ्यास केल्यासारखं.

तिनं सुलाबाईंचं नाव पंचवीसला नेलं, आपलं एकवीसला आणलं आणि नवी यादी ग्रुपवर टाकली. सात जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सुलाबाईंकडं बटणांचा फोन. ग्रुपवर त्या नाहीत. त्यांना जाऊन सांगायला हवं होतं, हे रोहिणीला माहीत होतं. शुक्रवारी त्यांच्या घरी कोण असतं, हेही माहीत होतं. शेवटचा दिवस मानाचा असतो, शेखरला आपण समजावू, असं तिनं स्वतःला समजावलं. गुरुवारी जाणार होती, पिंकीला ताप आला. शनिवारी चप्पल पायात घातली होती, तेवढ्यात पोर झोपली, आणि ती झोपली की रोहिणीही तिथंच कलंडायची. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला सुलाबाई दिसल्या, त्या लांबून हसल्याही. रोहिणीनं पिंकीचं टोपडं नीट करायला मान खाली घातली.

सोमवारी मूर्ती आली. सगळ्यांनी सूर लावून गाणं म्हटलं, जपमाळ झाली, 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणताना मागच्या रांगेतल्या पोरांचे फुटाण्यांसाठी हात पुढं आले.

"सुलाबाई नाही आल्या?" कुणीतरी विचारलं.

"गुडघे दुखत असतील," दुसरं कुणीतरी म्हणालं. रोहिणी कपात चहा ओतत राहिली.

सगळे गेल्यावर ती मूर्तीसमोर बसली. मागायचं ते तोंडपाठ होतं. भोक बुजू दे. पण ते तीन शब्द कोरडे पडले होते. अन्नाचे रंगवलेले डोळे आपल्या मागं कुणाला तरी शोधतायत, असं तिला उगीच वाटत राहिलं. शेवटी ती पिंकीचे श्वास मोजत तिथंच आडवी झाली. शेहेचाळीस. अठ्ठेचाळीस.

मंगळवारी डॉक्टरांनी पडद्यावर बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढला.

"भोक बुजलेलं नाही. हृदयाची डावी बाजू थोडी मोठी झालीय. आता वाट बघण्यात अर्थ नाही. मुंबईला न्यावं लागेल. मी चिठ्ठी देतो, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात करून घ्या."

बाहेर आल्यावर प्रफुल्ल थोडा वेळ नुसताच फाईल चाळत राहिला. त्याला दुपारपाळीला सिन्नर गाठायचं होतं.

"होईल गं," तो म्हणाला.

"काय होईल?"

"नीट होईल, असं म्हणायचं होतं." त्यानं पिंकीच्या पायातला निसटलेला मोजा वर चढवला. "तू जा रिक्षानं. पावसात चालत नको जाऊस."

वस्तीच्या तोंडाशी मैनाचं इस्त्रीचं दुकान; दुकान म्हणजे ताडपत्रीखाली टेबल. रोहिणी रिक्षातून उतरली तसं मैनानं विचारलं, "काय म्हणला डाक्टर?"

"ऑपरेशन."

मैनानं इस्त्री उभी करून ठेवली. "आगं बाई." पिंकीच्या तळपायाला हात लावला, पण पोटात राहीना. "एक विचारू? काल तुमची ती देवाची आजी तुझ्याकडं आलती ना? मग सुलाबाईला कुणी का नाय सांगितलं?"

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय! परवा साडी टाकून गेली इस्त्रीला. म्हणली, कडक कर, पाहुणी यायचीय. काल सहापासून बसली दारात. पाटावर पांढरं फडकं, दोन मेणबत्त्या, माझ्याच कुंडीतली जास्वंद नेली. तुमची गाणी तुझ्या घरातून आयकू आली, तशी उठली आन् दार लावलं. मी हाक मारली, तर म्हणती, झोप आलीय. सात वाजता कुणाला झोप येती, सांग मला?"

रोहिणी घरी आली, पिंकीला दूध पाजलं. दुधाच्या प्रत्येक दोन घोटांनंतर पोर दमून थांबायची, कपाळावर घाम. तीन वाजून गेले होते. सातला मूर्ती यादीतल्या पुढच्या घरी, पगाऱ्यांकडं, न्यायची होती. शेखर संध्याकाळी परत येणार होता. मधे जेवढा वेळ होता तेवढाच होता.

मूर्ती एकटीदुकटीनं हलवायची नसते. रोहिणीनं ती टॉवेलात गुंडाळली, एका कडेवर पिंकी, दुसऱ्या कडेवर संत अन्ना, आणि छत्री मानेत अडकवून निघाली.

सुलाबाईंचं दार लोटलेलं होतं.

"कोण?"

"मी रोहिणी."

"एकटीच?"

"नाही. दोघी आहेत बरोबर."

सुलाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी आधी एका कडेवर बघितलं, मग दुसऱ्या. "आगं, पाडशील एखादीला! ठेव. आधी पोरीला ठेव."

पाट उभा करून भिंतीला टेकवलेला होता. रोहिणीनं तो आडवा मांडला, मूर्ती ठेवली. सुलाबाईंनी सूप बाजूला सरकवलं नाही.

"आज कशी आठवण झाली? मला वाटलं, हॉलवाल्याची आई म्हणून माझं नावच काढलं तुम्ही."

"नाव मी बदललं, मावशी. ग्रुपनं नाही. तुमचा सोमवार मी घेतला. पिंकीची तपासणी होती आज, म्हणून... तुम्हाला शुक्रवार दिला. आणि सांगायला आले नाही."

"शुक्रवार! शुक्रवारी तर इथं टाळ्या वाजवत पंचवीस माणसं असतात."

"माहीत होतं मला."

सुलाबाईंची बोटं तांदळातून फिरत राहिली. एक खडा निघाला, तो त्यांनी दाराबाहेर भिरकावला.

"मागायचा होतास ना. दिला असता."

"तुम्हाला दुसरा दिवसच नव्हता, मावशी."

"म्हणून तर मागायचा. मी तुझ्या घरी आले असते. दोघी बसलो असतो तिच्यापुढं. एवढं चालवतं मला अजून."

हे रोहिणीला सुचलंच नव्हतं. पंधरा दिवस तारखा इकडच्या तिकडं करताना एकदाही सुचलं नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. रडूसुद्धा आलं नाही.

"डाक्टर काय म्हणला?"

"बुजलं नाही. मुंबईला ऑपरेशन."

"हं." सुलाबाईंनी आता सूप खाली ठेवलं. "आन् तुला वाटतंय, माझा दिवस घेतला म्हणून झालं."

रोहिणीनं वर बघितलं.

"तोंडावर लिवलंय तुझ्या. बी.कॉम. झालीस, पण शहाणी काय झाली नाहीस. पोरीला जन्मापासून हाय ते भोक. काल रात्रीत पाडायला ही म्हातारी काय हातात सळई घेऊन फिरते? तिला गुडघे नसतील दुखत?"

रोहिणीला हसू आलं, आणि हसता हसता मघाचं अडलेलं रडू आलं. पिंकी आईच्या तोंडाकडं बघत राहिली. सुलाबाईंनी तिला ओढून मांडीवर घेतलं.

"तुम्ही काय मागता हिच्यापाशी?" नाक पुसत रोहिणीनं विचारलं.

"आता नाय मागत. आधी लय मागितलं. आता सांगते नुसतं. भात करपला, सांगते. पाय सुजला, सांगते. शेखऱ्या आज पोटभर जेवला, तेबी सांगते. तिलाबी म्हातारपणीच पोर झालेली, लोकांचं बोलणं खाऊन झाल्यावर. तिला कळतं. तू काय करतेस, अर्ज दिल्यावानी करतेस. अर्ज दिला की माणूस खिडकीकडं बघत बसतं, उत्तर कधी येतं म्हणून. शेजारी कोण बसलंय ते बघत नाय."

मग त्या उठल्या, तूरडाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून जपमाळ काढली, मण्यांवरची डाळ झटकली. "शेखऱ्या डाळीला हात लावत नाय," त्या म्हणाल्या. मेणबत्ती कालचीच, अर्धी. दोघींनी जपमाळ सुरू केली. रोहिणीनं पहिल्यांदाच पिंकीचे श्वास न मोजता मणी मोजले.

दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या दशकात होत्या, तेवढ्यात दाराबाहेर गाडी थांबली. शेखर दारात. शर्ट पावसानं अंगाला चिकटलेला, हातात कांद्याची पिशवी. त्यानं पाट बघितला, मेणबत्ती बघितली.

"आई, मी नसताना हे चालतं होय?"

"तू नसताना मी जेवतेबी," सुलाबाई म्हणाल्या.

"हसण्यावारी नको नेऊस. प्लास्टरपुढं बसून काय मिळतं? त्याला ना कान ना डोळे. देवाला थेट हाक मार की. मधे हे कशाला?"

रोहिणी उठू लागली. सुलाबाईंनी तिच्या मांडीवर हात दाबून तिला खाली बसवलं.

"शेखर, ऐक. तू नाल्याकडंला पडायचास, तेव्हा अकरा वर्षं मी हिच्यापुढं बसले. तुझ्या हॉलवाल्यांनी तुझी दारू सोडवली, मान्य. त्यांच्या पाया पडेन. पण ती अकरा वर्षं माझ्याजवळ कोण बसलं होतं, ते मी विसरू का? तू थेट हाक मारतोस, मार. माझा आवाज बारीक हाय. मला कुणीतरी शेजारी लागतं."

शेखर काही बोलणार होता. पण त्याची नजर आईच्या मांडीवरच्या पोरीवर गेली होती.

"हिचे ओठ असे काळसर का दिसतायत?"

रोहिणीनं सांगितलं. भोक, मुंबई, ऑगस्ट. तो ऐकत उभा राहिला. त्याच्या शर्टाचं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं.

"मी हातपाय धुतो," तो म्हणाला. "उरकून घ्या तुमचं."

सातला पावसाची झड वाढली. मूर्ती पगाऱ्यांकडं न्यायची होती, गल्ली घोट्यापर्यंत पाण्यात. शेखरनं मोरीपाशी उभं राहून सगळं बघितलं, मग खुंटीवरची किल्ली काढली.

"मूर्तीला मी हात लावणार नाही," तो रोहिणीला म्हणाला. "गाडी काढतो. तुम्ही धरून बसा. आई, तूही चल, नाहीतर माझं डोकं खात बसशील."

कांद्याच्या वासाच्या त्या केबिनमध्ये दोन बायका, एक पोर आणि संत अन्ना दाटीवाटीनं बसल्या. दोनशे पावलांचा रस्ता. पावसामुळं सगळे थेट पगाऱ्यांच्याच दारात छत्र्या घेऊन उभे होते. गाडीतून कोण उतरतंय बघून गाणं म्हणायचंच विसरले. रोहिणीनं तिथंच, जपमाळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगितलं की सोमवार सुलाबाईंचा होता आणि तो तिनं न विचारता घेतला. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेल्या अक्काबाई म्हणाल्या, "सुलाबाई, इथं पुढं येऊन बसा." शेखर आत आला नाही. काच वर करून गाडीतच बसून राहिला, शेवटपर्यंत.

शुक्रवारी मूर्ती पुन्हा रोहिणीकडंच आली, कारण सुलाबाईंकडं हॉलवाल्यांची प्रार्थना होती आणि दुसरं घर उरलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं काही मागितलं नाही. पिंकीनं अर्धी वाटी पेज खाल्ली, ते सांगितलं. भीती वाटते, ते सांगितलं. प्रफुल्ल आंघोळ करताना नळ सोडून रडतो आणि मला कळत नाही असं त्याला वाटतं, तेही सांगितलं. उत्तर आलं नाही. पण मंगळवारपासून खांद्यात बसलेली कळ थोडी उतरली होती, एवढं खरं.

चार ऑगस्टला पहाटेच्या गाडीनं ते मुंबईला गेले. अजून तिकडंच आहेत. ऑपरेशन झालं, पोर काचेपलीकडं आहे, नळ्या लावलेली, आणि डॉक्टर रोज 'उद्या सांगतो' म्हणतात. रोहिणी जिन्यात बसून मणी ओढते आणि मधेच फोन काढून एक नंबर लावते. सुलाबाईंचा फोन गेले दोन दिवस लागत नाही. तो चार्जिंगला लावायला विसरतात, हे खरं. पण निघायच्या आदल्या दिवशी त्यांना चक्कर आली होती, ओट्याला धरून खाली बसल्या, आणि "शेखरला सांगू नकोस" म्हणाल्या. शेखर गाडीवर असतो तेव्हा फोन उचलत नाही. मैना गावाला गेलीय. ग्रुपवर विचारलं, तर नुसती हात जोडल्याची चित्रं आली.

तेव्हा तुम्ही जेलरोडच्या बाजूला राहत असाल, किंवा कामानं त्या अंगाला जाणार असाल, तर रोहिणीचं एक काम करा. इस्त्रीच्या टेबलापासून आत वळलं की डावीकडचं चौथं दार, निळं. जोरात वाजवा, ऐकायला थोडं कमी येतं त्यांना. झोप आलीय म्हणाल्या तरी परत फिरू नका. दार उघडेपर्यंत थांबा, त्यांना उभं राहिलेलं बघा, आणि मग रोहिणीला तेवढं कळवा.